शेवटचे चार डबे

ही गोष्ट खरी आहे.

बरीचशी मला माझ्या दाजींनी सांगितली. शेवटचा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. आता तेवढी ताकद राहिलेली नाही.

साल १९९३. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे करीचा दिवस. जागा पाचोरा रेल्वे स्टेशन. वेळ दिवेलागणीची, सात वाजण्याच्या सुमाराची.

दाजी म्हणजे तोताराम मुकादम. माझ्या थोरल्या बहिणीचे, वच्छलाअक्काचे नवरे. पाचोऱ्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुकादम होते. पन्नास माणसं एका हाकेत कामाला लावायची, हा त्यांचा हातखंडा. त्यामुळे कुठं आग लागली, कुठं पूर आला, कुठं कोणाचं घर पडलं की गाव त्यांच्याकडेच यायचं.

"मुकादम, तुम्ही उभे राहा."

आणि दाजी उभे राहायचे. घर अक्कावर टाकून.

अक्काची एकच खोड. दाजी जेवल्याशिवाय ती जेवायची नाही. आमच्या आईनं तिला तसंच शिकवलं होतं. रात्रीचे अकरा वाजोत, बारा वाजोत, ती ताट झाकून बसायची. मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि झाकलेलं ताट.

मी एकदा दाजींना म्हणालो होतो, "तिला सांगत जा ना, तू जेवून घे म्हणून."

दाजी हसले होते. "अरे, ऐकते का ती?"

पण त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. हे त्यांनी मला नंतर कबूल केलं.

त्या आधीच्या भादव्यात धुळ्याकडच्या एका खेड्यात घरं जळाली. दाजी धान्य आणि गोधड्या घेऊन तिकडे गेले. अक्काच्या अंगात ताप होता. ती म्हणाली, "जा तुम्ही. उद्या येशाल ना?"

दाजी तिसऱ्या दिवशी आले.

अक्का त्याच दिवशी पहाटे गेली होती.

शेजारच्या भिकुबाईनं सांगितलं, दोन दिवस तिनं तोंडात घास घेतला नाही. कोणी आग्रह केला की म्हणायची, ते आल्यावर जेवेन. चुलीपाशी ताट तसंच झाकलेलं होतं. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडदाची, आणि वांग्याचं भरीत. दाजींच्या आवडीचं.

त्या दिवसापासून दाजींनी संध्याकाळचं जेवण सोडलं. घराबाहेर पडणं सोडलं. कोणी बोलावलं तरी जात नसत.

मग जानेवारीत मुंबईहून गाड्या यायला लागल्या.

मुंबईत दंगल पेटली होती. माणसं घरदार टाकून उत्तरेकडे आपापल्या मुलखाला निघाली होती. गाड्या इतक्या भरून येत की खिडकीतून नुसते हात दिसत. कोणाच्या मांडीवर शिलाई मशीनचं डोकं. कोणाच्या एकाच पायात चप्पल. एका म्हाताऱ्याजवळ फक्त घराच्या कुलपाची किल्ली होती. घर जळालं होतं, पण किल्ली त्यानं मुठीत धरली होती.

दोन-दोन दिवस त्यांच्या पोटात काही नसायचं.

भिकुबाई दाजींच्या दारात येऊन उभी राहिली. वयानं मोठी, तोंडानं फटकळ.

"मुकादम, वच्छला गई तं तुमी बी मरी ग्यात का? तठे गाडीमा लेकरं भुक्या शेतस. उठा!"

दाजी उठले.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. घरोघरी चार-चार पोळ्या मागायच्या. दोन पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, एक केळं, असं एकेक पुडकं बांधायचं. भाकरी घ्यायची नाही, कारण ती थंड झाली की तुटते आणि खिडकीतून देता येत नाही. हा भिकुबाईचा हुकूम. संक्रांत होती म्हणून बायकांनी आपणहून प्रत्येक पुडक्यात तिळाचा एक लाडू टाकला.

चाळीसगावहून फोन यायचा, गाडी सुटली, अठरा डबे. की दाजी एकेका डब्याला दोन माणसं उभी करायचे. एक पुडक्यांची पाटी घेऊन, एक पाण्याची बादली घेऊन. गाडी दोनच मिनिटं थांबायची.

एकच अडचण होती. पाचोऱ्याचा प्लॅटफॉर्म तेव्हा आखूड होता. चौदा डबे लागायचे. मागचे चार बाहेर खडीवर, अंधारात. पहिल्याच संध्याकाळी आमचा एक माणूस तिकडे धावला, खडीवरून घसरला आणि गाडी हलली. थोडक्यात वाचला. दाजींनी तिथल्या तिथं सांगून टाकलं.

"मागचे चार डबे आपण सोडायचे. कोणी तिकडे जायचं नाही. ते जळगावला रुपचंद बघेल."

रुपचंद म्हणजे मी. जळगावला स्टेशनसमोर माझं सायकलचं दुकान होतं. दुकानात फोन होता. आमच्या माणसांना मी तसंच सांगितलं. गाडी आली की आधी मागचे चार डबे, मग बाकीचे.

दोन दिवस सगळं नीट झालं.

तिसऱ्या दिवशी...

गाडी जळगावला लागली. मी पाटी घेऊन शेवटच्या डब्याकडे धावलो. पुडकं आत दिलं. आतल्या माणसानं ते परत माझ्या हातात दिलं.

"आगे वालों को दे दो भैया. हमको मिल गया."

"कहाँ मिला?"

"पिछले टेसन पे."

मला वाटलं, पाचोऱ्याच्या कोणीतरी हिंमत केली. दुसऱ्या डब्यात गेलो. तिथंही तेच. तिसऱ्यात तेच. चौथ्यात तेच. लेकरं खेळत होती. त्या गाड्यांमध्ये खेळणारी लेकरं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी दुकानात येऊन फोन केला. दाजी स्टेशनबाहेरच्या एसटीडी बूथवर थांबायचे.

"दाजी, मागच्या डब्यांना तुम्ही दिलं का?"

"नाही रे. कोणाला जाऊ देत नाही मी."

"मग त्यांना कोणी दिलं?"

दाजींजवळ उभा असलेला कौतिक हमाल मोठ्यानं हसला. फोनमध्ये मला ऐकू आलं.

"मुकादम, मांगला डबास्ले भूत वाढस का काय?"

मग तो एकदम गप्प झाला. भिकुबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला असणार.

चौथ्या दिवशी दाजींनी पाळत ठेवली. प्लॅटफॉर्म संपतो तिथं कौतिकला उभं केलं. कोणी तिकडे गेलं तर अडवायचं.

गाडी आली. दोन मिनिटं थांबली. गेली.

कौतिक परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"कोण गेलं?"

"कोणीच नाही."

"मग?"

"माणूस कोणी दिसना नाही, मुकादम. पण... खडी वाजे."

"म्हणजे?"

"कोणी चालस ना, तशी. एका डब्याकडून दुसऱ्याकडे. थांबे. पुन्हा वाजे. आणि बांगड्या."

दाजींनी त्याला घरी पाठवलं. दारू प्यायलास का, असंही विचारलं नाही.

इकडे जळगावला मी शेवटून दुसऱ्या डब्याच्या दारात उभा होतो. आत एक म्हातारी बसली होती. उत्तरेतल्या भदोहीकडची. तिच्या सुनेच्या मांडीवर लेकरू झोपलं होतं.

"अम्मा, आपको खाना किसने दिया?"

"एक बहू थी. हरी साड़ी. सर पे पल्लू."

"कुछ बोली?"

"कुछ नहीं. बस देती गई. हम बोले, तू भी खा ले बेटी. तो मुंडी हिलाई, नहीं."

म्हातारीनं पदराची गाठ सोडली. उरलेला तुकडा सुनेसाठी ठेवला होता. मला दाखवला.

पोळी नव्हती ती...

भाकरी होती. कळण्याची.

मी हात लावला. गरम होती. पाचोरा सुटून पाऊण तास झाला होता.

मी फोन लावला. 

"दाजी, गावात कोणी कळण्याची भाकरी दिली का पुडक्यात?"



"नाही," ते म्हणाले. "का?"

मी सांगितलं. हिरवं लुगडं हेही सांगितलं. अक्काला आम्ही हिरव्या लुगड्यातच निरोप दिला होता.

"तुला दिसली?" दाजींनी विचारलं.

"मला नाही. गाडीतल्या लोकांना."

"सगळ्यांना?"

"चारही डब्यांतल्या."

मग मला फोनवर त्यांच्या रडण्याचा आवाज आला. चार महिन्यांत पहिल्यांदा. अक्काला अग्नी देतानासुद्धा ते रडले नव्हते.

"रुपचंद," ते म्हणाले, "मी तर रोज त्याच फलाटावर असतो रे. मला का नाही दिसत?"



दुसरा दिवस करीचा. करीच्या दिवशी आमच्याकडे कोणी नवं काम करत नाही, बाहेर पडत नाही. भिकुबाईनं दाजींना बजावलं.

"आज तिकडे जाऊ नका, मुकादम. दिवस चांगला नाही."

"तिला दिवस कळत असतील का आता?" दाजी म्हणाले.

"गेल्या माणसाला हाक मारू नये, भाऊ. त्याला जाता येत नाही."

"मला हाक नाही मारायची, भिकुअक्का. मला फक्त तिला जेव म्हणायचंय. तेवढं राहून गेलं."

भिकुबाई वाटेतून बाजूला झाली. पदर तोंडाला लावून पोळ्यांच्या पाट्यांकडे गेली.

गाडी सात वाजून दहा मिनिटांनी आली. थंडी कडक होती. दाजींनी माणसं आपापल्या जागी लावली आणि स्वतः प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उतार उतरले. खडीवर. अंधारात.

पहिल्या डब्यापाशी पोचले तर खिडक्यांमधली माणसं जेवत होती.

त्यांनी विचारलं, "कुठं आहे ती?"

एकानं पुढं बोट दाखवलं.

दाजी पुढं निघाले. तेव्हा त्यांना ऐकू आलं...

खडी वाजत होती. त्यांच्या पुढं. दहा-बारा पावलांवर.

ते थांबले. खडी थांबली.

ते चालले. खडी पुन्हा वाजली.

वच्छलाची चाल त्यांना ठाऊक होती. उजवा पाय ती जरा घासून टाकायची. लहानपणी विहिरीवर पडली होती. खडीवर तोच आवाज होता. एक पाऊल पडायचं, एक घासायचं.

दुसरा डबा. तिथल्या माणसांच्या हातात भाकरी. पण सगळ्यांची तोंडं पलीकडच्या खिडक्यांकडे.

"उस तरफ गई," कोणीतरी म्हणालं.

दाजी धावत शेवटच्या डब्याच्या मागून वळले आणि पलीकडे गेले. गार्ड ओरडला, "अरे मरायचं आहे का?" दाजींनी ऐकलं नाही.

पलीकडे रूळ. सिग्नलचा लाल दिवा. त्यापुढं काळोख.

कोणीच नव्हतं.

खिडकीतून हात बाहेर आलेले होते. रिकामे. जणू आत्ताच कोणी त्यांच्यात काही ठेवणार होतं.

शेवटून दुसऱ्या डब्यातून एक म्हातारी, कालची नव्हे, वाकून बघत होती. दाजींकडे नाही. दाजींच्या खांद्याच्या मागे.

"किसको ढूँढते हो बेटा?"

"माझी बायको... मेरी घरवाली."

म्हातारीनं हळूच विचारलं, "हरी साड़ी वाली?"

"हो. हाँ."

"वो तो... तुम्हारे पीछे खड़ी है."

दाजी वळले.

काळोख.

ते पुन्हा वळले. गोल फिरले. म्हातारीची नजर त्यांच्याबरोबर फिरत होती. ते जिकडे वळत, ती त्यांच्या पाठीमागेच बघत राही.

"मला दिसत नाही ती," दाजी म्हणाले. ते मराठीत बोलत होते, म्हातारीला कळत होतं की नाही कोण जाणे. "अम्मा, मला ती दिसत नाही."

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

गाडीनं शिट्टी दिली.

तेव्हा दाजी त्या काळोखाकडे तोंड करून बोलले. जे वीस वर्षांत बोलले नव्हते ते.

"वच्छला, तू जेवून घे. माझी वाट पाहू नको. मी उशीर करतो. मला सवयच तशी आहे. तू आपलं जेवून घेत जा."

खडी वाजली नाही.

बांगड्याही वाजल्या नाहीत.

गाडी हलली. म्हातारीचा डबा पुढं सरकला. ती खिडकीतून ओरडून काही सांगत होती.

"चढ़ गई! बेटा, चढ़ गई हमारे डिब्बे में!"

दाजी धावले. कुठवर धावले ते त्यांनाही सांगता आलं नाही. खडीवर पडले. दोन्ही गुडघे फुटले. गाडीचा लाल दिवा लहान होत गेला.

त्यांचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. धाप लागली होती त्यांना.

"रुपचंद, ती गाडीत आहे. शेवटून दुसरा डबा. जा. तू बघ. तिचा भाऊ आहेस तू. तुला दिसेल."

मला वाटलं, दुःखानं माणसाचं डोकं फिरलं. मी हो म्हणालो. पाऊण तासानं गाडी लागली. मी सरळ त्या डब्यापाशी गेलो.

यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझी बायको सुगंधा, तिलाही नाही. तीही आता राहिली नाही.

डब्याच्या दारात, आत खाली, बायका दाटीनं बसल्या होत्या. मधे ती म्हातारी. तिच्या हातात आमच्या माणसानं खिडकीतून नुकत्याच दिलेल्या पुडक्यातली पोळी होती. एक एक घास मोडून ती शेजारच्या बाईला भरवत होती.

शेजारच्या बाईनं हिरवं लुगडं नेसलेलं होतं.

डोक्यावरून पदर होता. ती घास चावत होती. खूप दिवसांचा उपाशी माणूस खातो, तसं खात होती. मान खाली घालून. घाईघाईनं.

मग तिनं मान वर केली...

माझी अक्का होती.

तोंडावर ताप दिसत नव्हता. दमलेली दिसत होती. बस. ज्या बायका घर सोडून चालल्या होत्या त्यांच्यात बसलेली, त्यांच्यासारखीच एक.

मी एका हातानं दाराचा दांडा धरला. 

तिनंच विचारलं. घरच्या बोलीत. लहानपणी मला विचारायची तसं.

"तुना दाजी जेवनात का रे?"

मला माहीत होतं, दाजी जेवलेले नाहीत. चार महिने संध्याकाळचे जेवलेले नाहीत. आत्ता फुटक्या गुडघ्यांनी बूथमध्ये फोनपाशी उभे आहेत.

मी मान हलवली.

हो. जेवले.

तिनं मान खाली घातली. म्हातारीनं पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला. गाडी सुटली. भुसावळकडे गेली. मी पाटी हातात धरून तिथंच उभा राहिलो. त्या दिवशी पुढच्या डब्यांना पुडकी कोणी दिली, मला माहीत नाही.

दुकानात आलो. फोन वाजतच होता.

"दिसली का?"

मी खूप विचार केला नाही. एवढंच डोक्यात आलं, की हो म्हणालो तर हा माणूस आत्ता मिळेल त्या गाडीनं मागे निघेल. भुसावळ, खंडवा, इटारसी. कुठवर जाईल? कुठं पडेल?

"नाही, दाजी. कोणी नव्हतं."

"नीट पाहिलंस?"

"पाहिलं. कोणी नव्हतं."

"बरं," ते म्हणाले. आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या गाड्यांमध्ये मागच्या चार डब्यांतली माणसं भुकेलीच यायची. आम्ही पुन्हा त्यांना आधी वाढायला लागलो. आठवड्याभरात गाड्या कमी झाल्या. मग थांबल्या.

दाजी त्यानंतर बारा वर्षं जगले. पाचोऱ्यातच राहिले. दिवाळीला, लग्नकार्याला भेटले की चार माणसांतून मला बाजूला घ्यायचे.

"रुपचंद, खरं सांग. त्या दिवशी डब्यात..."

"कोणी नव्हतं, दाजी."

दरवेळी वाटायचं, आता सांगावं. पण जितका काळ जात होता तितकं ते अवघड होत होतं. इतकी वर्षं का लपवलं, याचं काय उत्तर देणार होतो?

मागच्या वर्षी सुगंधा गेली. आता घरात मी एकटा आहे. ती गेल्यावर तिला कोणीतरी कुठंतरी पाहिलं, असं मला कोणी सांगितलं, तर मीही मिळेल त्या गाडीनं निघेन, हे मला ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं.

दाजी शेवटचे धुळ्याच्या दवाखान्यात होते. मी उशाशी बसलो होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. खिडकीतून ऊन आलं होतं. त्यांनी डोळे उघडले आणि माझा हात धरला.

"तू पाहिलं होतंस ना, रे?"

ओठांवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं.

"नाही, दाजी," मी म्हणालो. "कोणी नव्हतं."

ते छताकडे बघत राहिले.

"मग ती गेली कुठं, रुपचंद?" ते म्हणाले. "आपल्या घरीही नाही आली."